भागाकार बरोबर, विमान उशिरा

प्रश्न : नोव्हेंबर 2025 मध्ये भारतीय कंपनीच्या विमानाने मुलीकडे लंडनला गेले. मुंबई–लंडन अंतर 7,200 किलोमीटर, विमानाचा वेग ताशी 900. म्हणजे आठ तास. पण जाताना दहा तास लागले, येताना नऊ. माझं गणित कुठं चुकलं?
– एक निवृत्त शिक्षिका, सांगली

उत्तर : बाई, गणित चुकलेलं नाही. चुकला तो रस्ता. मी विमान कधी चालवलं नाही. डिस्पॅचर म्हणून वैमानिकांच्या हाती मार्गाचा आणि इंधनाचा कागद देण्यात सगळी नोकरी सरली. त्या कागदावर तुमचे 7,200 क्वचितच दिसायचे.

घरात पृथ्वीगोल असेल तर मुंबईपासून लंडनपर्यंत दोरा ताणून धरा. तो सौराष्ट्र, कराचीची बाजू, इराण करत मध्यावर थेट जॉर्जियाची राजधानी तिबिलिसीजवळ जातो आणि पुढे युक्रेनवरून लंडन गाठतो. हे तुमचे 7,200. (भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवू नका. ती सायप्रसकडे नेईल आणि लांबची वाट सरळ भासेल.) आता या दोऱ्यावरचं युक्रेनचं आकाश फेब्रुवारी 2022 पासून प्रवासी विमानांना बंद आहे. पाकिस्तानचं आकाश एप्रिल 2025 मध्ये भारतीय विमानांना बंद झालं. म्हणजे अरबी समुद्रावरून वळसा आलाच. दर शंभर किलोमीटरला जवळपास सात मिनिटं वाढतात.

दुसरा वाटेकरी वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, थंडीत तर फारच. 900 हा हवेतला वेग. समोरून साठचा वारा असला की जमिनीच्या हिशेबाने 840 उरतात. तोच पाठीशी आला की 960. तुमच्या दहा-नऊचा फरक मुख्यतः इथला. जानेवारीतल्या रात्रपाळीत मी चहा थंड होऊ द्यायचो, पण वाऱ्याचा तक्ता दोनदा बघायचो. चुकला तर इंधन चुकलं.

शिवाय तिकिटावरची वेळ उड्डाणाची नसतेच. विमान जागेवरून हललं तेव्हापासून पलीकडे जागेवर थांबेपर्यंतची असते. मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते, रांगेत वीस मिनिटं सहज जातात. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरण्याआधी आकाशात घिरट्याही घालाव्या लागतात.

मुलगी भारतात येईल तेव्हा एक ध्यानात ठेवा. तिकिटावर दोन्हीकडच्या स्थानिक वेळा असतात. उन्हाळ्यात लंडन आपल्या साडेचार तास मागे, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून साडेपाच. छापील वेळ विमान थांबण्याची. मग इमिग्रेशन, बॅगा. गाडीवाल्याला तासाभरानंतरची वेळ सांगा, नाहीतर पार्किंगचे पैसे तुम्हीच भराल.