फोटो दिला, गोष्टही दिली का?

रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचा फोटो काढायचा आणि खाली त्याच्याच तोंडची चार वाक्यं द्यायची, हा प्रकार ब्रँडन स्टँटन यांनी २०१० साली सुरू केलेल्या 'ह्यूमन्स ऑफ न्यूयॉर्क'मुळे जगभर पसरला. त्यांचा मूळ बेत शहरातल्या दहा हजार माणसांचे फोटो काढून नकाशावर मांडायचा होता. बोलणं त्यात नंतर शिरलं. मला येणारी बहुतेक पत्रं मात्र या बोलण्याबद्दलच असतात.

प्रश्न : एका फोटोग्राफरनं थांबवलं. फोटो झाला, गप्पा झाल्या आणि भावाशी पाच वर्षं अबोला आहे, हेही मी बोलून गेले. फॉर्मवर सही केली आहे. आता पोटात गोळा येतोय. शब्द मागे घेता येतील?

आजच कळवा, आणि लेखी कळवा. 'फोटो वापरा, भावाचा उल्लेख काढा,' इतकंच लिहा. कारणं देत बसू नका. एकदा प्रसिद्ध झालं की मजकूर काढला तरी स्क्रीनशॉट फिरत राहतात. सही केलेला फॉर्म पुन्हा वाचा. अनेकदा तो चेहरा वापरण्यापुरताच असतो, सांगितलेल्या गोष्टीबद्दल त्यात चकार शब्द नसतो. शिवाय ही गोष्ट तुमच्या एकटीची नाही. भावानं कुठे सही केली आहे?

आपण इतकं कसं बोलून गेलो, असं वाटत असेल, तर आम्हा फोटोग्राफरांची युक्ती सांगतो. तुमचं उत्तर संपलं तरी आम्ही पुढचा प्रश्न विचारत नाही. कॅमेरा खाली घेतो, मान किंचित हलवतो आणि गप्प राहतो. ती शांतता समोरच्याला सोसवत नाही. ती मोडायला तो जे बोलतो, तेच पुढे कॅप्शन होतं. एकदा एक आजोबा असेच बोलत असताना त्यांनी छत्रीची मूठ इतकी आवळली की बोटांची पेरं पांढरी पडली. मी रेकॉर्डर बंद केला. खरं सांगायचं तर त्याआधी अर्धा मिनिट तो चालूच ठेवला होता.

प्रश्न : मला न विचारताच फोटो काढला. हे चालतं?

देशागणिक उत्तर बदलतं. जर्मनीत १९०७ च्या कायद्यानुसार फोटो प्रसिद्ध करायला सहसा संमती लागते. जर्मनीचे माजी चान्सलर बिस्मार्क यांच्या मृतदेहाचा चोरून काढलेला फोटो हे त्या कायद्यामागचं एक निमित्त. क्वेबेकमध्ये पायऱ्यांवर बसलेल्या सतरा वर्षांच्या मुलीचा तिच्या नकळत काढलेला फोटो मासिकात आला, तेव्हा कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं १९९८ मध्ये तिच्या बाजूनं निकाल दिला. भरपाई दोन हजार डॉलर. उलट फिलिप-लॉर्का डिकोर्सिया यांनी टाइम्स स्क्वेअरमध्ये काढलेला एका वृद्धाचा फोटो न्यूयॉर्कच्या न्यायालयानं २००६ मध्ये कला मानला आणि दावा फेटाळला. कायदा काहीही असो, 'डिलीट करा' म्हणायला कुणाची परवानगी लागत नाही. माझ्या ओळखीतले बरेचसे फोटोग्राफर ऐकतात.

प्रश्न : फोटोत माझं नाक केवढं दिसतंय!

मोबाइलवर जवळून काढला असणार. त्याची मुख्य लेन्स वाइड असते, त्यामुळे जवळचं नाक मोठं आणि लांबचे कान लहान दिसतात. दोन पावलं मागे जाऊन झूम करायला सांगा. शिवाय आपल्याला आपला आरशातला, म्हणजे उलटा चेहरा सवयीचा असतो. १९७७ च्या एका प्रयोगात माणसांनी स्वतःचा आरशातल्यासारखा फोटो पसंत केला होता, तर त्यांच्या मित्रांनी सरळ. तेव्हा फोटो मित्राला दाखवा.

प्रश्न : चेहरा माझा, मग फोटो माझा नाही का?

नाही; स्वामित्वहक्क सहसा काढणाऱ्याचा असतो. म्हणून एक प्रत आणि फोटोग्राफरचं नाव-संपर्क तिथेच मागून घ्या. डोरोथिया लँग यांनी १९३६ मध्ये काढलेला स्थलांतरित आईचा फोटो जगभर गाजला, पण लँग यांनी त्या बाईंचं नावसुद्धा विचारलं नव्हतं. त्या फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, हे १९७८ मध्ये उघड झालं.

प्रश्न : खोटं नाव सांगितलं तर?

सांगा, पण खोटं आहे हे फोटोग्राफरलाही सांगून ठेवा. आणि नाव बदललं तरी तुमची शेजारीण फोटो ओळखणारच.