एका छपरावर दोन शहरांचा टीव्ही
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. केबल बंद केली आहे. न्यूयॉर्कच्या वाहिन्या खिडकीतल्या चपट्या अँटेनावर येतात, पण फिलाडेल्फियाच्याही हव्या आहेत. छपरावर दुसरा अँटेना लावून दोन्ही स्प्लिटरने (एका केबलच्या दोन करणाऱ्या डबीने) एकत्र जोडले तर चालेल का? बघणे आणि रेकॉर्डिंग लिनक्सच्या संगणकावर, यूएसबी ट्यूनरने (टीव्हीचा सिग्नल पकडणाऱ्या यूएसबी स्टिकने) करायचे आहे.

उत्तर : अँटेने जोडू नका, ट्यूनर जोडा. स्प्लिटर उलटा वापरला की प्रत्येक अँटेनाचा जवळजवळ निम्मा सिग्नल तिथेच वाया जातो (साधारण ३.५ डेसिबल). त्याहून मोठी अडचण अशी, की न्यूयॉर्कचे प्रक्षेपण दुसऱ्या अँटेनाच्या पाठीकडूनही थोडेफार शिरते आणि केबलची लांबी वेगळी असल्याने किंचित आगेमागे पोहोचते. काही चॅनेलवर ते एकमेकांना मारते. मग एक वाहिनी छान, शेजारची गायब, आणि कारण सापडत नाही. यूएसबी ट्यूनर त्यामानाने स्वस्त आहेत, म्हणून प्रत्येक दिशेला स्वतंत्र अँटेना, स्वतंत्र केबल आणि स्वतंत्र स्टिक घ्या. हॉपॉगच्या ड्युअलएचडी स्टिकमध्ये ट्यूनर दोन असले तरी अँटेनाची जागा एकच आहे, त्यामुळे इथे दोन स्टिक लागतीलच. त्या एटीएससी, म्हणजे अमेरिकेतल्या डिजिटल टीव्हीच्या पद्धतीच्याच घ्या. भारतातून किंवा इंग्लंडहून आणलेली डीव्हीबी-टी या निराळ्या पद्धतीची स्टिक दिसायला तशीच असते, पण अमेरिकेत तिला एकही वाहिनी मिळणार नाही.

तुमच्या जागेची एक सोय आहे. एडिसनहून मॅनहॅटनचे मनोरे सुमारे ४४ किलोमीटरवर, उत्तरेपासून ५५ अंशांवर आहेत. फिलाडेल्फियाचे मनोरे रॉक्सबरो भागात सुमारे ८८ किलोमीटरवर, २३३ अंशांवर. म्हणजे दोन्ही शहरे जवळजवळ एका सरळ रेषेत, तुमच्या समोर आणि पाठीमागे. फिलाडेल्फियाकडे तोंड केलेल्या अँटेनाची पाठ आपोआप न्यूयॉर्ककडे होते, आणि चांगला यागी (एका दांडीवर ओळीने आडव्या काड्या असलेला) अँटेना पाठीकडचे बरेच दाबून टाकतो. होकायंत्राने दिशा लावत असाल तर त्या भागात सुई खऱ्या उत्तरेच्या १२-१३ अंश पश्चिमेला असते हे ध्यानात ठेवा. २३३ अंश हवे असतील तर होकायंत्रावर २४५-२४६ दिसले पाहिजेत.

अँटेना निवडताना पडद्यावर दिसणाऱ्या क्रमांकावर जाऊ नका. न्यूयॉर्कची ‘४’ प्रत्यक्षात ३५ व्या चॅनेलवर (प्रक्षेपणाच्या पट्ट्यावर) आणि ‘२’ प्रत्यक्षात ३६ वर प्रक्षेपित होते, दोन्ही यूएचएफ, म्हणजे आखूड लहरींच्या. न्यूयॉर्कच्या ७ आणि ११ मात्र खरोखरच व्हीएचएफ, म्हणजे लांब लहरींच्या ७ आणि ११ वर आहेत, आणि १३ क्रमांकाची वाहिनी १२ वर. फिलाडेल्फियाची ६ ही खरी ६, म्हणजे ८२ ते ८८ मेगाहर्ट्झ. अर्ध्या लहरीची लांबी ३६ ला जेमतेम पाव मीटर, ७ ला ८५ सेंटिमीटर आणि ६ ला पावणेदोन मीटर. म्हणूनच ‘सर्व वाहिन्या’ असे लिहिलेल्या हातभर अँटेनावर फिलाडेल्फियाची ६ येत नाही. ती हवी असेल तर लांब दांड्यांचा, २ ते ६ चॅनेल पकडणारा अँटेना घ्या. जमिनीवर आधी अंदाज घ्यायचा असेल तर दोन दांड्यांचा साधा डायपोल, प्रत्येक दांडी ८४ सेंटिमीटर, आडवा धरून बघा. एफएम गाळणारा फिल्टर मध्ये नको. एफएमचा पट्टा ८८ पासूनच सुरू होतो आणि हा फिल्टर ६ लाही कापतो. अनेक ॲम्प्लिफायरमध्ये तो आतच बसवलेला असतो. बंद करायचा खटका आहे ना, हे विकत घेण्याआधी पाहा.

एक जागा मुळातच अवघड आहे. फिलाडेल्फियाची १२ क्रमांकाची सार्वजनिक वाहिनी प्रत्यक्षात १३ वर येते आणि तुमच्याकडे तिच्या लगत न्यूयॉर्कची प्रत्यक्षात १२ वर येणारी वाहिनी कितीतरी जोरात आहे. तिथे अँटेनाची पाठ जितकी बहिरी तितके बरे. अँटेनाची डोलकाठी दोन-चार अंश फिरवून सर्वांत मजबूत फिलाडेल्फिया शोधू नका, सर्वांत क्षीण न्यूयॉर्क शोधा.

केबल आरजी-६ घ्या. यूएचएफला ती ३० मीटरमागे सुमारे ५ डेसिबल खाते, ६ क्रमांकाला २ च्या आसपास. ॲम्प्लिफायर लागलाच तर तो अँटेनाजवळ हवा. संगणकाजवळ लावला तर केबलमध्ये आधीच खराब झालेला सिग्नल गोंगाटासकट मोठा होतो. पण आधी त्याच्याशिवाय मोजून बघा. ॲम्प्लिफायर लावल्यावर सिग्नलची ताकद वाढली आणि सिग्नल-गोंगाट प्रमाण मात्र घसरले, तर न्यूयॉर्कच्या जोरामुळे ट्यूनर बधिर होतो आहे असे समजा. अशा वेळी कमी वाढ देणारा ॲम्प्लिफायर लावा किंवा स्टिकपुढे १० डेसिबलचा ॲटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा जोड) बसवा.

टीव्हीहेडएंड या लिनक्सवरच्या टीव्ही-रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एटीएससी-टीची दोन नेटवर्क तयार करा, एक न्यूयॉर्कचे आणि एक फिलाडेल्फियाचे, आणि प्रत्येक स्टिकला तिचे एकच नेटवर्क द्या. दोन्ही स्टिक एकाच नेटवर्कमध्ये टाकण्याची चूक फार जण करतात. मग कुठलीही वाहिनी कुठल्याही स्टिकवर येते असे प्रणालीला वाटते आणि रात्रीचे रेकॉर्डिंग चुकीच्या अँटेनावर सुरू होऊन रिकामी फाइल उरते. स्कॅननंतर स्थितीच्या पानावर प्रत्येक वाहिनीचे सिग्नल-गोंगाट प्रमाण पाहा. १५ डेसिबलच्या खाली चित्र राहतच नाही. १८-२० च्या वर असेल तर पावसापाण्यातही टिकते. न दुरुस्त झालेल्या ब्लॉकचा (बिघडून आलेल्या डेटाच्या तुकड्यांचा) आकडा वाढत असेल तर चित्र आज बरे दिसले तरी उद्या तुटणार. साठवणुकीचा हिशोब : एका चॅनेलचा पूर्ण प्रवाह सेकंदाला १९.३९ मेगाबिटचा, म्हणजे तासाला सुमारे ८.७ गिगाबाइट. त्यातली एकच वाहिनी घेतली तर कमी.

डोलकाठी आणि केबलचे भूसंपर्कन टाळू नका. काठीपासून घराच्या मुख्य अर्थिंगपर्यंत १० गेजची तांब्याची तार, आणि केबल घरात शिरते तिथे ग्राउंड ब्लॉक (केबलचे कवच अर्थिंगला जोडणारा ठोकळा). घरमालकांच्या संघटनेने अँटेनाला हरकत घेतली तर अमेरिकेच्या केंद्रीय दूरसंचार आयोगाचा (एफसीसी) १९९६ पासूनचा नियम तुमच्या बाजूने आहे. स्वतःच्या ताब्यातल्या जागेवर टीव्हीचा अँटेना लावण्यास सरसकट बंदी घालता येत नाही.

प्रश्न : जानेवारीत फिलाडेल्फियाच्या सगळ्या वाहिन्या आल्या. मे महिन्यापासून यूएचएफच्या तुटतात, ६ मात्र ठीक आहे. ॲम्प्लिफायर बदलू का? (वेस्ट विंडसर)

उत्तर : तुमची वाट झाडांमधून जाते. हिवाळ्यात फांद्या उघड्या होत्या, आता पाने आहेत, आणि ओली पाने यूएचएफ लहरी शोषतात व विखुरतात. ६ क्रमांकाची लहर साडेतीन मीटरची, तिला पानांचे फारसे अडत नाही. ॲम्प्लिफायरने विखुरलेला सिग्नल सावरत नाही. अँटेना छपराच्या दुसऱ्या टोकाला, एक-दोन मीटर बाजूला किंवा खाली-वर नेऊन बघा. झाडांमागे हाताच्या अंतरावरही मोठा फरक पडतो. पानगळीच्या दिवसांत केलेली जुळवणी खरी मानू नका, जून-जुलैत करा.

प्रश्न : त्याच केबलवर टीव्ही स्वच्छ दिसतो, पण स्टिक लॅपटॉपला लावली की ७ आणि ११ तुटतात.

उत्तर : गोंगाट लॅपटॉपचाच आहे. यूएसबी ३ ची जोडणी, स्वस्त चार्जर आणि शेजारचा एलईडी दिवा यांचा उपद्रव व्हीएचएफला जास्त होतो. स्टिक थेट खाचेत न घालता दीड-दोन मीटरच्या यूएसबी २ एक्स्टेन्शनवर लांब ठेवा, केबलच्या दोन्ही टोकांना गोंगाट अडवणारा फेराइटचा मणी अडकवा, चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. फरक पडला तर चार्जर बदला. दोन स्टिक असतील तर स्वतःचा वीजपुरवठा असलेला हब घ्या.

प्रश्न : ‘नेक्स्टजेन’ वाहिन्या माझ्या स्टिकवर स्कॅनमध्ये का येत नाहीत?

उत्तर : ते एटीएससी ३.० चे प्रक्षेपण आहे, पद्धतच निराळी. जुनी स्टिक ते ओळखत नाही आणि सॉफ्टवेअर बदलून ओळखणारही नाही. शिवाय त्यातल्या अनेक वाहिन्या कुलूपबंद असतात. तूर्त पैसे अँटेनावर घालावेत.

प्रश्न : पुण्यात आहे. आरटीएल२८३२यू चिपची स्टिक ऑनलाइन घेतली. मुंबईचे डिजिटल दूरदर्शन दिसेल का?

उत्तर : नाही, आणि त्याची कारणे दोन. दूरदर्शनने २०१६ साली मुंबई-औरंगाबादसह १६ शहरांत सुरू केलेले डिजिटल प्रक्षेपण डीव्हीबी-टी२ पद्धतीचे. तुमची चिप फक्त जुनी डीव्हीबी-टी उलगडते. कच्च्या लहरी टिपणारा रेडिओ म्हणून वापरली तर ती एका वेळी जेमतेम २.४ मेगाहर्ट्झचा पट्टा घेते, चॅनेल मात्र ८ मेगाहर्ट्झचे. दुसरे कारण सह्याद्री. वरळीचा मनोरा ३०० मीटरचा. मनोरा आणि अँटेना यांच्या उंचीची मीटरमधली वर्गमुळे मिळवून ४.१२ ने गुणली की सपाट मुलखातला पल्ला किलोमीटरमध्ये मिळतो. १० मीटरवरच्या अँटेनासाठी तो ८४ च्या आसपास येतो. पुणे त्याहून दूर, आणि मध्ये घाटमाथा. सिंहगडावरून होणारे जुने ॲनालॉग प्रक्षेपण याच अडचणीवरचा उपाय होता. पण देशभरातील मोजकी ठिकाणे वगळता ॲनालॉग मार्च २०२२ पर्यंत बंद झाले. पुण्यात दूरदर्शनसाठी फ्री डिश लावा : ९३.५ अंश पूर्वेचा जीसॅट-१५ उपग्रह, छोटी तबकडी, आणि संगणकावरच हवे असेल तर डीव्हीबी-एस२ या उपग्रह पद्धतीचा यूएसबी ट्यूनर.

स्टिक फेकू नका. तिच्यावर एफएम उत्तम ऐकू येते. छोटा अँटेना जोडून ती लॅपटॉपसह घरभर फिरवली तर कुठला दिवा किंवा चार्जर किती गोंगाट करतो ते पडद्यावर सरळ दिसते. एकेक उपकरण बंद करत जा. पट्टा शांत झाला की दोषी सापडला.