वाचकांचे प्रश्न : वॉलपोलची सत्ता लाचेवर उभी होती का?

प्रश्न : ब्रिटनचा पहिला पंतप्रधान मानला जाणारा सर रॉबर्ट वॉलपोल १७२१ पासून १७४२ पर्यंत सलग सत्तेवर होता. पैसे आणि पदे वाटून त्याने संसद ताब्यात ठेवली, असे नेहमी वाचावयास मिळते. हे कितपत खरे आहे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : त्याने पदे वाटली, हे निर्विवाद आहे. सरकारी नोकऱ्या, निवृत्तिवेतने, बिशपांच्या नेमणुका, इतकेच नव्हे तर १७२५ मध्ये पुन्हा सुरू झालेला ‘ऑर्डर ऑफ द बाथ’ हा सन्मानही त्याने माणसे जोडण्यासाठी वापरला, आणि स्वतःच्या मुलांनाही भरघोस उत्पन्नाच्या जागा मिळवून दिल्या. तथापि, केवळ यावरून त्याच्या दीर्घ कारकिर्दीचा उलगडा होत नाही. कारण कॉमन्स सभागृहात कोणत्याही पदाची अपेक्षा नसलेले पुष्कळ जमीनदार सदस्य होते, आणि त्यांची मने वळवल्याशिवाय बहुमत टिकत नसे.

या सदस्यांना दोन गोष्टी हव्या होत्या : जमिनीवरील कर कमी असावा आणि युद्ध टळावे. १७२० मध्ये साउथ सी कंपनी या व्यापारी कंपनीचे सट्टेबाजीने फुगलेले समभाग कोसळल्यानंतर विस्कटलेली आर्थिक घडी सावरण्याचे काम वॉलपोलकडे आले आणि पुढील एप्रिलमध्ये तो कोषागाराचा प्रमुख झाला. (घोटाळ्यात अडकलेल्या दरबारी मंडळींना त्याने पाठीशी घातले, हा आरोपही तेव्हापासूनचा, आणि तो निराधार नव्हता.) पुढे त्याने जमिनीवरील कर खाली आणला व १७३३ मध्ये पोलंडच्या गादीवरून युरोपात पेटलेल्या युद्धापासून ब्रिटनला दूर ठेवले. राजाची मर्जीही तितकीच आवश्यक होती. १७२७ मध्ये दुसरा जॉर्ज गादीवर आला, तेव्हा त्याला स्पेन्सर कॉम्प्टन हा मुख्य मंत्री हवा होता. परंतु राणी कॅरोलाइनचा पाठिंबा आणि राजाला संसदेकडून वाढीव तनखा मंजूर करून घेण्याचे कौशल्य यांमुळे वॉलपोलचे स्थान अबाधित राहिले.

लाचेने सर्व काही साधत असते, तर १७३३ मधील अबकारी कराचे विधेयक त्याला मागे घ्यावे लागले नसते. तंबाखू आणि मद्य यांवरील कर बंदरात वसूल न करता माल गोदामातून देशांतर्गत विक्रीस निघताना घ्यावा, म्हणजे चोरटी आयात थांबेल, ही योजना आर्थिक दृष्ट्या शहाणपणाचीच होती. पण अबकारी अधिकारी दुकानांत आणि घरांत शिरून झडत्या घेतील, अशी भीती देशभर पसरली. साठाच्या आसपास असलेले मताधिक्य काही आठवड्यांत विसाच्या खाली घसरले आणि वॉलपोलने माघार घेतली. त्यानंतर विरोधात गेलेल्या लॉर्ड चेस्टरफील्डला त्याने राजदरबारातील पदावरून दूर केले, लॉर्ड कोबम या सेनानीकडून त्याची रेजिमेंट काढून घेतली. त्याचा परिणाम एवढाच झाला की, कोबमभोवती तरुण विरोधकांचा एक गट तयार झाला, ज्यात पुढे पंतप्रधान झालेला थोरला विल्यम पिटही होता.

त्याचा शेवट तर या आरोपाच्या दृष्टीने अधिकच बोलका आहे. १७३९ मध्ये त्याच्या मनाविरुद्ध स्पेनशी युद्ध सुरू झाले. १७४१ च्या निवडणुकीत त्याला सर्वाधिक फटका बसला तो कॉर्नवॉल आणि स्कॉटलंड येथे, म्हणजे वशिल्यावर चालणाऱ्या मतदारसंघांतच. कारण तेथील सूत्रे अनुक्रमे युवराज फ्रेडरिक आणि आर्गाइलचा ड्यूक यांच्या हाती होती आणि दोघेही त्याच्यावर उलटले होते. चिपनम या मतदारसंघाच्या निवडणूक तक्रारीवर कॉमन्समध्ये झालेल्या मतदानात पराभव झाल्यावर फेब्रुवारी १७४२ मध्ये त्याने राजीनामा दिला आणि ऑर्फर्डचा अर्ल होऊन तो लॉर्ड्‌स सभागृहात गेला.

त्याच्या शेवटच्या दहा वर्षांच्या कारभाराची चौकशी करण्यासाठी कॉमन्सने गुप्त समिती नेमली. कोषागाराचा विधी अधिकारी निकोलस पॅक्स्टन याने उत्तरे देण्यास नकार दिला, म्हणून त्याला न्यूगेटच्या तुरुंगात पाठवण्यात आले. साक्षीदारांना अभय देणारे विधेयक कॉमन्सने संमत केले, पण लॉर्ड्‌सने ते फेटाळले. त्यामुळे गुप्त निधीतून खासदारांना रोख रकमा दिल्याचा आरोप त्या चौकशीत सिद्ध झाला नाही, आणि खोटाही ठरला नाही.