चित्रासोबतचं प्रमाणपत्र कुठे मिळतं?

प्रश्न असा आहे: ‘नाशिकला राहतो, गोदाघाटाची जलरंगातली चित्रं करतो. पुण्याच्या एका ग्राहकाला चित्र अस्सल असल्याचं प्रमाणपत्र हवंय. ते कुठून आणायचं?’

कुठूनच आणायचं नाही, तुम्हीच द्यायचं. हयात चित्रकाराच्या सहीइतकं भक्कम दुसरं काही नाही. नाशिकरोडच्या प्रेससारखी सुरक्षा छपाईही लागत नाही. फक्त तो कागद त्या एकाच चित्राशी घट्ट बांधलेला हवा.

त्यावर तुमचं नाव, शीर्षक, वर्ष, माध्यम, फ्रेम सोडून उंची आणि रुंदी सेंटिमीटरमध्ये, आणि २०२५-०१४ (म्हणजे २०२५ मधलं चौदावं चित्र) असा क्रमांक येऊ द्या. नुसतं ‘जलरंग’ नको; ‘जलरंग, ३०० जीएसएम कॉटन पेपर’ असं लिहा (जीएसएम म्हणजे कागदाचं दर चौरस मीटरला ग्रॅममधलं वजन). ‘गोदाघाट, सकाळ’ नावाची चित्रं तुमच्याकडे दहा निघतील, म्हणून चित्राचा छोटा फोटोही छापा. छापील प्रत विकत असाल तर तसं स्पष्ट लिहून ३/२५ (पंचवीस प्रतींतली तिसरी) असा आवृत्तीक्रमांक घाला.

कागद आम्लमुक्त, २०० जीएसएमच्या पुढचा घ्या. छपाई आणि सही दोन्ही पिगमेंट शाईत, म्हणजे रंगाचे न विरघळणारे कण असलेल्या शाईत करा. डाय शाई, म्हणजे विरघळलेल्या रंगाची शाई, उजेडात उडते, ओल लागली की पसरते. लॅमिनेशन मात्र करू नका. प्लास्टिकखाली गेलेली सही खरी की छापलेली, हे मग कुणालाच तपासता येत नाही.

आता सगळ्यांत जास्त राहून जाणारी गोष्ट: तोच क्रमांक चित्रावरही हवा. फ्रेम करण्याआधी कागदाच्या मागे, कडेला, मऊ पेन्सिलीनं हलक्या हातानं लिहा. जोडीतले (एकाच क्रमांकाचे दोन) होलोग्राम स्टिकर वापरायचे तर एक प्रमाणपत्रावर, दुसरा फ्रेमच्या मागच्या पुठ्ठ्यावर लावा. चित्राच्या कागदाला लावलात तर गोंद मुरतो आणि डाग पुढून दिसतो. पुढेमागे फ्रेम बदलली की स्टिकर जातो, पेन्सिलीचा आकडा राहतो.

‘कॉपीराइट चित्रकाराकडे’ ही ओळ सरसकट छापू नका. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तयार चित्र विकलं तरी लेखी करारावाचून कॉपीराइट जात नाही. पण कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन काढलेल्या चित्राच्या कॉपीराइटचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, तो ग्राहकच ठरतो. अशा कामाची अट आधीच लिहून घ्या.

प्रत्येक क्रमांकाची नोंद वहीत ठेवा: कुणाला, कधी, केवढ्याला. प्रमाणपत्र हरवल्याचं ग्राहकानं कळवलं तर नोंद पडताळा, नवा क्रमांक देऊ नका. जुन्याच क्रमांकावर ‘दुय्यम प्रत’ आणि त्या दिवसाची तारीख लिहून द्या.