पित्त उठलंय की पित्तरस अडलाय?

प्रश्न : मला ३० वा आठवडा सुरू आहे. तळहात-तळपायांना इतकी खाज सुटते की रात्र रात्र झोप नाही. अंगावर पुरळ मात्र नाही. सासूबाई म्हणतात, पित्त उठलंय, आमसुलाचं पाणी लाव. रिपोर्टमध्ये एसजीपीटी (यकृताच्या पेशींतलं एन्झाइम) १८० आलं, लिव्हरला सूज आहे म्हणाले. लिव्हर कायमचं बिघडेल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : पित्त उठतं तेव्हा अंगावर लाल गांधी येतात. रात्री वाढणारी आणि नखांच्या ओरखड्यांशिवाय काहीच न दिसणारी खाज त्यातली नव्हे. हा बहुधा गरोदरपणातला कोलेस्टेसिस : यकृतातला पित्तरस नीट खाली उतरत नाही आणि त्यातली पित्ताम्लं रक्तात साचतात. ती यकृताच्या पेशींना टोचत राहतात, म्हणून एसजीपीटी वाढतं. बाळंतपणानंतर काही आठवड्यांत ते उतरतं. सहा आठवड्यांनी एकदा तपासून खात्री करा. यकृतावर सहसा कायमची खूण राहत नाही. (रिपोर्टमधलं अल्कलाइन फॉस्फटेज हे दुसरं एन्झाइम वाढलेलं दिसलं तर त्यावरून घाबरू नका. गरोदरपणात ते वारेतूनही येतं.)

खरी काळजी बाळाची. पित्ताम्लं वारेतून त्याच्यापर्यंत पोचतात आणि फार वाढली तर बाळ पोटातच अचानक दगावू शकतं. म्हणून ‘सीरम बाइल ॲसिड’ (रक्तातली पित्ताम्लं) तपासून घ्याच, सोबत हिपॅटायटिस ए, बी, सी आणि ई सुद्धा. पित्ताम्लं ४० च्या आत असतील तर सौम्य; धोका ठळकपणे वाढतो तो १०० च्या पुढे (आकडे लिटरमागे मायक्रोमोलमध्ये). ब्रिटनच्या स्त्रीरोग-प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजची २०२२ ची शिफारस अशी : १०० च्या वर असतील तर ३५-३६ आठवड्यांत प्रसूती, ४० ते ९९ ला ३८-३९ आठवड्यांत. आज ३५ आलेला आकडा पंधरा दिवसांत कुठे जाईल हे सांगता येत नाही, तेव्हा तपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते. यासाठी देतात त्या उर्सोच्या (उर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड) गोळीने खाज थोडी कमी होते, पण बाळाचा धोका टळतो असं २०१९ च्या मोठ्या ब्रिटिश चाचणीत दिसलं नाही. गोळी सुरू आहे म्हणून तपासणी चुकवू नका. आणि बाळाची हालचाल मंदावली तर त्याच क्षणी दवाखाना गाठा, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात.

प्रश्न : वहिनीला ३४ व्या आठवड्यात छातीखाली दुखू लागलं, उलट्या झाल्या. पित्त झालंय समजून घरी सोडा दिला. दुसऱ्या दिवशी ‘हेल्प सिंड्रोम’ सांगून लगेच सिझर केलं. एवढं अचानक?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : या आजारात बारीक रक्तवाहिन्यांचं अस्तर खराब होतं आणि त्यांत गुठळ्या अडकतात. तिथून जाताना तांबड्या पेशी फुटतात, प्लेटलेट खर्ची पडतात, रक्त न मिळाल्याने यकृताच्या पेशी मरतात. यकृताचं आवरण ताणलं गेलं की उजव्या बरगडीखाली किंवा छातीच्या खळग्यात दुखतं. तेच ‘पित्त’ वाटतं. प्लेटलेट एक लाखाच्या खाली, एसजीओटी (यकृताच्या इजेची खूण) ७० च्या वर, एलडीएच (पेशी फुटल्याची खूण) ६०० च्या वर गेलं की निदान पक्कं. ३४ आठवड्यांनंतर थांबण्यात अर्थ नसतो. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट देऊन, बीपी आवरून प्रसूती करणं हाच उपाय, त्यामुळे डॉक्टरांनी घाई केली ती योग्यच.

विसाव्या आठवड्यानंतर असं दुखलं तर सोडा देण्याआधी बीपी मोजा आणि त्याच दिवशी रक्त तपासा. बीपी नॉर्मल असतानाही हा आजार होतो. काहींना तर तो बाळंतपणानंतर, बहुधा पहिल्या ४८ तासांत, गाठतो. त्यामुळे बाळंतिणीच्या पोटदुखीलाही हाच नियम.