मार कुठवर पोचला ते बघ

चि. स अनेक आशीर्वाद,

बीडची जी जुनी मोटारसायकल तू घेणार म्हणतोस, तिचे फोटो पाहिले. किंमत कमी आहे, आणि गाडी एकदा धडकल्याचं मालकानं स्वतःहून सांगितलं, म्हणून तू घुटमळतोयस. त्यानं सांगितलं हे बरंच झालं. आता दुरुस्तीचं बिल किंवा विम्याच्या क्लेमचा कागद माग. कोणते पार्ट बदलले ते त्यात लिहिलेलं असतं, आणि त्यावरून मार कुठवर पोचला ते कळतं. सगळा निर्णय त्यावरच आहे.

आडवी पडलेली गाडी लीव्हर, इंडिकेटर, फुटरेस्ट, सायलेन्सरवर खरचटून उठते. तेवढ्यासाठी चांगली गाडी सोडू नकोस. समोरून आदळली असेल तर मार चाकातून शॉकअपमध्ये, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन दांड्यांत, आणि तिथून चेसिसच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, हँडलखालच्या नळीत जातो. शॉकअपचे पाइप नवे टाकता येतात. पण ती नळी वाकलेली असेल किंवा तिच्या जोडावर नंतर वेल्डिंग केलेलं दिसलं, तर सौदा तिथंच सोड. नव्या रंगाला भुलू नकोस. जोडावरून बोट फिरव, रंगाला बारीक चिरा किंवा सुरकुत्या आहेत का बघ. बऱ्याच गाड्यांचा चेसिस नंबर तिथंच ठोकलेला असतो. तो आरसीशी जुळव. घासलेला वाटला तर पुढचं बोलूच नको.

हँडल दोन्हीकडे पूर्ण वळव आणि ते जिथं अडतं तो स्टॉपर चेपलाय का बघ. मग हँडल सरळ धरून मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंनी पुढच्या चाकापर्यंत दोरा ताण. पुढच्या टायरपाशी दोन्हीकडची फट सारखी हवी. रिकाम्या रस्त्यावर चालवताना गाडी एका अंगाला ओढत असेल, तर कारण सापडल्याशिवाय पैसे देऊ नकोस. हे सगळं दिवसाउजेडी कर, आणि सोबत आपल्या गावचा मिस्त्री ने, मालकाच्या ओळखीचा नको. त्याची दिवसाची मजुरी दे, ती वाया जाणार नाही.

मी एवढा हटून बसतोय, कारण केजहून बीडला जाताना मांजरसुंब्याचा घाट लागतो. तुझ्या मागं कधी आई बसलेली असेल, कधी खताचं पोतं. वाकलेली चेसिस गावात हळू फिरताना कळत नाही. उतारावर, वजन घेऊन ब्रेक मारल्यावर कळते.

कागदांचं थोडक्यात सांगतो. गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर मालकाच्या सह्या घे. फायनान्सचा बोजा असेल तर तो उतरवायचा फॉर्म 35 आणि फायनान्सवाल्याची एनओसी हवी. दंडाची थकलेली चलनं परिवहनच्या ॲपवर बघ. गाडी घेतलीस की 14 दिवसांत विमा कंपनीकडे नाव बदलायचा अर्ज दे.

भाव करण्याआधी शॉकअप, कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग), टायर यांतलं जे बदलावं लागेल त्याची किंमत पार्टच्या दुकानात विचारून ये आणि तेवढी वजा करायला सांग. हेल्मेटचे पैसे मात्र आधीच बाजूला काढ. मिस्त्री मिळाला नाही तर मला फोन कर, मी येतो.

तुझा काका