‘बी समरी’ म्हणजे क्लीन चिट का?

प्रश्न असा आहे की पोक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) एका केसमध्ये पोलिसांनी बी समरी दिली अशी बातमी होती आणि वर हेडिंग ‘आरोपीला क्लीन चिट’, तर दोन्ही एकच का, आणि ‘निर्दोष सुटला’ म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. निर्दोष सुटायला आधी खटला चालावा लागतो, इथे तो उभाच राहिलेला नाही.

समरी हा शब्द आपल्याकडे जुन्या मुंबई पोलीस मॅन्युअलमुळे रुळलाय, म्हणून महाराष्ट्र-गुजरातेत चालतो, दिल्लीत त्याच जागी कॅन्सलेशन रिपोर्ट ऐकाल आणि यूपीत नुसतं ‘एफआर लग गई’, म्हणजे फायनल रिपोर्ट लागला. (समरी ट्रायल ही वेगळी भानगड, किरकोळ गुन्ह्यांची झटपट सुनावणी, तिचा इथे काही संबंध नाही.) तपास झाला पण चार्जशीट टाकत नाही, एवढं कोर्टाला कळवणारा अहवाल म्हणजे समरी. ए म्हणजे गुन्हा घडलाय खरा पण आरोपी सापडत नाही किंवा पुरेसा पुरावा नाही. सी म्हणजे तक्रार धड खरी नाही धड खोटी नाही, गैरसमजातून झालेली, किंवा मामला मुळात दिवाणी. आणि बी म्हणजे तक्रार खोटी, तीही मुद्दाम, आकसाने केलेली. पेपरवाले अ, ब, क लिहितात, तेही बरोबरच.

आता केस लहान मुलाची असली की हे अक्षर फार महाग पडतं. आरोपी घरातलाच निघतो, आई गप्प बसते, पोर घाबरून जबाब फिरवतं, बाहेर मांडवली होते आणि पुरावा टिकत नाही. पण पुरावा टिकला नाही आणि तक्रार खोटी होती यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि हेडिंगमध्ये नेमका तोच गायब होतो. पोक्सोच्या कलम 22 मध्ये खोट्या तक्रारीला शिक्षा आहे, पण तक्रार मुलानेच केलेली असेल तर त्याला शिक्षा नाही, म्हणजे कायदा करणाऱ्यांना हे कळत होतं. मांडवलीबद्दल तर सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर 2024 मध्ये राजस्थानातल्या एका शिक्षकाच्या केसमध्ये सांगून टाकलंय की तडजोड झाली म्हणून असा गुन्हा रद्द होत नाही.

दुसरं म्हणजे क्रियापद बघा. समरी ‘पाठवली’ आणि समरी ‘मंजूर झाली’ यात मधे कोर्ट आहे, फिर्यादीला नोटीस देऊन त्याचं ऐकायचं असं सुप्रीम कोर्टाने 1985 मध्येच ठरवून दिलंय, तो प्रोटेस्ट पिटिशन, म्हणजे समरीला हरकत घेणारा अर्ज, टाकू शकतो, कोर्ट पुढचा तपास करायला लावू शकतं किंवा समरी बाजूला ठेवून स्वतः दखल घेऊ शकतं.

आणि ‘सरकारी वकिलांनी खटला भरायला नकार दिला’ हे वाक्य आपल्या बातमीत जपूनच वापरा, कारण चार्जशीट टाकायची की नाही हे इथे पोलीस ठरवतात, सरकारी वकील पुढे कोर्टाच्या परवानगीने खटला मागे घेऊ शकतो तेवढंच. अमेरिकेत मात्र ती चावी सरकारी वकिलांच्याच हातात असते. अल्पवयीन मुलींच्या लैंगिक शोषणाचा आरोप असलेल्या जेफ्री एपस्टीनशी फ्लोरिडातल्या केंद्रीय सरकारी वकिलांनी 2007 मध्ये खटला न भरण्याचा करार केला, पीडित मुलींना पत्ता लागू न देता, आणि हे लपवणं बेकायदेशीर होतं असं तिथल्या न्यायाधीशाने 2019 मध्ये म्हटलं. त्याला ‘खटला भरायला नकार’ म्हणा, आपल्या केसला ‘पोलिसांची बी समरी, कोर्टाचा निर्णय बाकी’. हेडिंग लांब होतं, होऊ दे.